पलटण म्हणजे नक्की किती माणसं? (शिलाफलकासाठी मदत हवी)

बोरीकाठचा

नमस्कार मंडळी. आमचं गाव पारोळा तालुक्यात. गावातून फौजेत गेलेल्या सगळ्यांच्या नावाचा एक शिलाफलक मारुतीच्या पाराजवळ बसवायचं ठरलंय. दुसऱ्या महायुद्धापासून आजपर्यंतची एकोणीस नावं निघाली आहेत. मी शाळेत मराठी शिकवतो म्हणून मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मी नावापुढे "अमुक पलटण" असं लिहिलं होतं. बैठकीत दोन तट पडले. एक जण म्हणाले पलटण म्हणजे प्लाटून, तीस-पस्तीस माणसांची तुकडी, ते काय दगडावर कोरायचं, रेजिमेंट लिहा. गावातले एक माजी सैनिक एकदम उभेच राहिले, म्हणाले पलटण म्हणजे तीस माणसं असं परत म्हणू नका, मी सतरा वर्षं पलटणीत काढली आहेत. आणि निघून गेले. मला फार वाईट वाटलं कारण फलक ज्यांच्यासाठी तेच उठून गेले.

तर पलटण म्हणजे नक्की काय? किती माणसं? आणि पलटण की पलटन? कोरणारा अक्षरामागे पैसे घेतो आणि दगडावर खोडरबर चालत नाही.

यात माझा घरचा एक प्रश्न पण आहे. आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते. थोरले काका म्हणतात ते पाचव्या पलटणीत, धाकटे म्हणतात दुसऱ्या. दोघंही ठाम आहेत.

केळीबाग_रावेर

पलटण हे प्लाटूनचं मराठी रूप. स्टेशनचं ठेसन, प्लाटूनचं पलटण. संपला विषय. प्लाटून लिहा.

माजी_सुभेदार

रावेरवाले भाऊ, विषय संपला नाही, आता सुरू झाला.

मी पायदळातला माणूस, २८ वर्षं नोकरी. नीट सांगतो. सगळ्यात खाली सेक्शन, साधारण दहा जवान, त्याचा कमांडर हवालदार किंवा नायक. असे तीन सेक्शन मिळून प्लाटून, तीस-पस्तीस जण, त्याच्यावर बहुतेक वेळा नायब सुभेदार नाहीतर सुभेदार. तीन प्लाटूनची एक कंपनी, सव्वाशेच्या आसपास, कंपनी कमांडर मेजर. चार रायफल कंपन्या, शिवाय सपोर्ट कंपनी, हेडक्वार्टर कंपनी, हे सगळं मिळून बटालियन, आठशेच्या आसपास माणूस, त्याच्यावर कर्नल साहेब म्हणजे आमचे सीओ.

ह्या बटालियनला जवान पलटन म्हणतो. प्लाटूनला कोणीही पलटन म्हणत नाही, प्लाटूनला प्लाटूनच म्हणतात, "दोन नंबर प्लाटून" वगैरे. रेल्वेत दोन फौजी भेटले की पहिला प्रश्न "कौन सी पलटन?" आणि उत्तरात बटालियनचा नंबर आणि रेजिमेंटचं नाव येतं. गाव कोणतं, जात कोणती हे नंतर, कधीकधी विचारतही नाहीत.

तुमच्या गावचे ते सैनिक का उठले ते मला बरोबर समजलं. माणूस भरती झाल्यावर ज्या पलटनीत जातो तिच्यातूनच बहुतेक वेळा निवृत्त होतो. मध्ये बाहेर पोस्टिंग होतं, दोन-तीन वर्षांनी परत येतो तेव्हा म्हणतो "पलटन में वापस आ गया". तिचं मंदिर असतं, तिचा रेजिंग डे म्हणजे स्थापनेचा दिवस असतो, बडा खाना असतो. त्यांना जाऊन भेटा आणि सांगा की तुमचं बरोबर होतं.

केळीबाग_रावेर

सुभेदार साहेब, मान्य. शब्द मागे घेतो. पण मग ध्वनीवरून तर तो प्लाटूनच वाटतो ना? बटालियनचं पलटण कसं होईल?

शब्दवेडी_धुळे

हा खरोखर चांगला प्रश्न आहे आणि याच्यावर जुनी चर्चा आहे. १८८६ साली यूल आणि बर्नेल या दोघांनी हिंदुस्थानात वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी-देशी शब्दांचा मोठा कोश काढला, हॉब्सन-जॉब्सन. त्यात पलटन हा बटालियनचा अपभ्रंश मानलाय आणि पुढे म्हटलंय की त्यात प्लाटूनची सरमिसळ झालेली असू शकते. म्हणजे कान म्हणतो प्लाटून आणि अर्थ म्हणतो बटालियन, दोघांनी मिळून एक शब्द घडवला असं समजायला हरकत नाही.

दोन्ही मूळ शब्द इंग्रजांचेही नव्हेत. प्लाटून फ्रेंच पेलोटों वरून, त्याचा अर्थ छोटा गोळा, सुताचा गुंडा असतो तसा, म्हणजे एका जागी गोळा झालेली माणसं. बटालियन हा इटालियनकडून, लढाईसाठी जो शब्द आहे बातालिया त्याच्यापासून. आपल्याकडे अठराव्या शतकात कवायती पायदळ आलं तेच मुळी फ्रेंच आणि इंग्रजांबरोबर, त्यामुळे शब्दही त्यांच्या तोंडून आपल्या शिपायांच्या कानात पडले आणि शिपायांनी आपल्या जिभेला झेपेल तसे केले.

सायकलवर_जळगाव

अरेच्चा! सायकल रेसमध्ये जो मोठा घोळका एकत्र चालतो त्याला पेलोटॉन म्हणतात. म्हणजे आम्ही रविवारी सकाळी पद्मालयाला जातो ती पलटणच झाली की.

माजी_सुभेदार

@सायकलवर_जळगाव, आठशे झाले की कळवा.

रेल्वेवाला_भुसावळ

मी नोकरीत चार वर्षं पालघाटला होतो. तिकडे मल्याळममध्ये लष्कराला सरळ "पट्टाळम" म्हणतात. घरमालकीण म्हणायची तिचा मुलगा पट्टाळममध्ये आहे, मला वाटलं हे गावाचं नाव असेल. तमिळमध्ये पण तोच शब्द. शब्दवेडी ताई, हा बटालियनवरूनच ना? मग बटालियनचा ब जाऊन प होतो याला शेजारी साक्षीदार मिळाला.

शब्दवेडी_धुळे

होय भाऊ, त्याच कोशात पलटनच्या खालीच दक्षिणेकडचं रूप म्हणून पटालम दिलंय. तुम्ही प्रत्यक्ष ऐकून आलात हे भारी.

एक गोष्ट मात्र मला त्या कोशातली पटत नाही. ते म्हणतात हा शब्द देशी पायदळालाच लावतात, गोऱ्यांच्या रेजिमेंटला कधीच नाही. पण आपल्या मराठीत "गोऱ्यांची पलटण", "गोरी पलटण" हे जुनी माणसं सर्रास म्हणायची, माझ्या पणजीच्या तोंडी होतं.

कायदेभाऊ_नंदुरबार

गोरी पलटण तर आमच्या गावच्या म्हातार्‍यांकडून मीही ऐकलंय. ताईंचं बरोबर आहे.

इतिहासात_रमलेला

धागा इथे आलाच आहे तर अजून दोन शब्दांची आठवण करून देतो, दोन्ही याच वाटेने आले.

गारदी. पानिपतावर १७६१ साली इब्राहिमखान गारदी आपल्या कवायती पायदळासह लढला, तो आधी हैदराबादकडे फ्रेंच सेनानी बुसीच्या पद्धतीत तयार झालेला. गारदी हा फ्रेंच गार्द म्हणजे गार्ड वरून. पुढे १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून गारद्यांनी केला आणि तेव्हापासून मराठीत गारदी म्हटलं की मारेकरीच डोळ्यापुढे येतो. मूळ शब्दात राखण करणारा, आणि अर्थ कुठे जाऊन पडला बघा. इब्राहिमखान पानिपतावर शेवटपर्यंत हटला नाही, त्याच्या नावाला हा अर्थ चिकटू नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरा कंपू. महादजी शिंद्यांनी १७८४ च्या सुमारास द बोआन्य नावाच्या सरदाराला ठेवून घेतलं, त्याने आधी दोन पलटणी उभ्या केल्या आणि पुढे वाढवत वाढवत मोठ्या ब्रिगेडी, म्हणजे अनेक पलटणींचे गट, केले. ह्या पलटणींनी १७९० साली राजस्थानातल्या पाटण आणि मेडत्याच्या लढाया जिंकल्या. त्यातल्या एकेका ब्रिगेडला कंपू म्हणत. कॅम्प किंवा पोर्तुगीज कांपो पासून आलेला शब्द. आज कंपू म्हणजे आपापसात गुळपीठ असलेली चार माणसं.

खापरावरची_पोळी

म्हणजे कंपू हजारोंचा होता तो चार जणांवर आला, गारदी पहारेकरी होता तो खुनी झाला. पलटणीचं नशीब चांगलं म्हणायचं, ती आठशेची घरात येऊन वीस-पंचवीस पोरांची झाली तरी अब्रू राखून आहे.

आमच्याकडे खानदेशात कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला सगळी भाऊबंदकी जमते. श्रावणातला नागपंचमीनंतरचा रविवार, मुंबई-सुरतहून सगळे गावी येतात. दुपारी जीपगाडीतून पोरं उतरायला लागली की माझी सासू ओट्यावरून ओरडायची, "वनी माय पलटन! आते भाकरी कितल्या टाकू?" आम्ही आतून मोजायला लागायचो. तिला प्लाटून, बटालियन काही माहीत नव्हतं, पण पलटण म्हणजे मोजता येत नाही इतकी माणसं आणि सगळी आपली, एवढं तिला पक्कं माहीत होतं. परक्यांच्या घोळक्याला ती कधी पलटण म्हणाली नाही. त्यांना "लोके वनात", म्हणजे लोक आले, एवढंच म्हणायची.

माजी_सुभेदार

ताई, तुमच्या सासूबाईंनी माझ्यापेक्षा चांगला अर्थ सांगितला. मी नुसते आकडे दिले होते.

कॅडेट_आर्या

मी एनसीसीत आहे, जळगावची १८ महाराष्ट्र बटालियन. आमच्याकडे कोणीच पलटण म्हणत नाही, बटालियन म्हणजे बटालियन आणि ड्रिलला स्क्वाड, प्लाटून. तरुण पिढीला प्लाटून आणि पलटण एकच वाटणारच कारण आम्ही पलटण शब्द फक्त क्रिकेटच्या फॅन लोकांसाठी नाहीतर पुण्याच्या कबड्डी टीमसाठी ऐकलाय.

केळीबाग_रावेर

पुणेरी पलटणमध्ये मैदानात सातच जण असतात. सुभेदार साहेबांच्या हिशेबात सेक्शनसुद्धा भरत नाही.

एसआरपी_पोळा

मी धुळ्याच्या गट क्रमांक ६ मध्ये होतो, राज्य राखीव दल. आमच्याकडे गट, त्याखाली कंपनी, त्याखाली प्लाटून. बंदोबस्ताला निघालो की पेपरात यायचं "राखीव दलाची एक तुकडी रवाना". तुकडी म्हणजे किती ते पेपरवाल्याला माहीत नाही आणि आम्हाला विचारायची सोय नाही. एकदा आम्ही बाराच जण होतो आणि दुसऱ्या दिवशी छापून आलं "पोलिसांची मोठी पलटण दाखल". घरी बायको म्हणे तुम्ही किती जण गेला होतात हो?

बोरीकाठचा

मंडळी, मनापासून आभार. सुभेदार साहेब, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून त्या काकांच्या घरी घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, मग आतून चहा मागवला आणि म्हणाले "बस". पुढच्या बैठकीला येतो म्हणालेत.

पण त्यांनी एक नवीन अडचण सांगितली. यादीत दोन जण तोफखान्यातले आहेत आणि एक जण रणगाड्यावरचा. त्यांच्यापुढे पलटण लिहायचं का?

माजी_सुभेदार

नाही. पलटन हा पायदळाचा शब्द. तोफखान्यात आणि रणगाड्यांत त्या आकाराच्या युनिटला रेजिमेंट म्हणतात, अमुक फील्ड रेजिमेंट, अमुक आर्मर्ड रेजिमेंट. रणगाडेवाले मुळात घोडदळातून आलेले, त्यांच्याकडे रिसाला, रिसालदार हे जुने शब्द अजून चालतात. सुभेदाराच्या बरोबरीचा त्यांचा रिसालदार, आणि हवालदाराच्या बरोबरीचा दफादार. त्यांना दगडावर पलटण लिहिलंत तर तेही बैठकीतून उठून जातील.

आणि लक्षात ठेवा, पायदळात रेजिमेंट म्हणजे मोठं घर. मराठा लाइट इन्फंट्री ही रेजिमेंट, तिचं सेंटर बेळगावला. तिच्या खाली पलटनी. पहिली पलटन "जंगी पलटन", १७६८ ची. दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवणारे नामदेव जाधव त्याच पहिल्या पलटनीचे, १९४५ साल. त्याच्या आदल्या वर्षी यशवंत घाडगेंना मरणोत्तर मिळाला, ते तिसऱ्या पलटनीचे नायक होते, त्यांचा सेक्शन मशीनगनच्या माऱ्यात पडला आणि ते एकटे पुढे गेले. मघाशी मी सेक्शन म्हणजे दहा जवान असं आकड्यात सांगितलं. दहा जणांतला एकटा उरणं म्हणजे काय ते त्या आकड्यात येत नाही.

धरणगावकर

आमच्या गावाचा पण उल्लेख झाला पाहिजे. १८२५ साली आउट्रम साहेबाने खानदेश भिल्ल कोअर उभी केली ती धरणगावात. ज्या भिल्लांना इंग्रज बंडखोर म्हणत होते त्यांनाच भरती करून. त्या वेळी काही शे माणसांना कोअर म्हटलं. आज लष्करात कोअर म्हणजे तीन-चार डिव्हिजन, हजारोंनी माणूस. तेव्हा शब्दाचा आकार बघून माणसं मोजायला जाऊ नका, त्या काळी त्या ठिकाणी काय म्हणत होते ते बघा.

इतिहासात_रमलेला

धरणगावकर, हे फार चांगलं लक्षात आणून दिलंत. शिवाजी महाराजांच्या काळी हवालदार घोडदळात पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) असायचा, आणि गडाचा मुख्य अधिकारीही हवालदारच. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. आज हवालदार म्हटलं की चौकातला पोलीस आठवतो. शब्द तोच, खुर्ची बदलली.

बोरीकाठचा

आता माझ्या आजोबांचं. काल माळ्यावरून त्यांची पेटी खाली काढली. काळी पत्र्याची फौजी पेटी, आम्ही लहानपणी तिच्यावर बसून दिवाळीचे दिवे लावायचो, नंतर तिच्यात तुरीचं बियाणं ठेवायचे. झाकणावर मागच्या लग्नात कोणीतरी हिरवा ऑइलपेंट मारला होता. धाकट्या काकांनी रॉकेलच्या फडक्याने हळूहळू पुसलं, खालून पांढरी अक्षरं आली. इंग्रजीत आजोबांचा नंबर, आडनाव, आणि खाली २/५ आणि एम.एल.आय.

दोन्ही काका पेटीसमोर बसलेले. थोरले म्हणे बघ, पाच. धाकटे म्हणे बघ, दोन. आणि आत्या म्हणाली तुम्ही दोघं जेवून घ्या. मध्ये ती तिरपी रेघ कशासाठी?

माजी_सुभेदार

सर, पेटी जपून ठेवा. परत रंग देऊ नका.

२/५ म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटन. तिरप्या रेघेच्या आधी पलटनीचा नंबर, नंतर रेजिमेंटचा. १९२२ साली सगळ्या रेजिमेंटांना नवीन नंबर मिळाले तेव्हा मराठ्यांना पाच नंबर मिळाला. युद्धानंतर तो रेजिमेंटचा पाच गेला. आज त्या पलटनीला २ मराठा म्हणतात.

म्हणजे दोघंही काका बरोबर.

इतिहासात_रमलेला

थांबा थांबा. बोरीकाठचे सर, आजोबा कैदेत होते का कधी?

बोरीकाठचा

होय!! आजी सांगायची, चार वर्षं पत्ता नव्हता. पहिलं वर्षभर तर जिवंत आहेत की नाही तेही कळलं नाही. वाळूच्या मुलखात पकडले गेले आणि बोटीतून दुसऱ्या देशात नेले एवढंच. तुम्हाला कसं कळलं?

इतिहासात_रमलेला

कारण २/५ मराठा तोब्रुकला होती. लिबियात, समुद्रकिनाऱ्यावरचं बंदर. अकराव्या इंडियन ब्रिगेडमध्ये, सोबत २/७ गुरखा आणि स्कॉटिश कॅमेरॉन हायलँडर्स. २० जून १९४२ ला पहाटे जर्मन सेनापती रोमेलने आग्नेय बाजूने हल्ला केला, आधी विमानांनी बॉम्ब टाकले मग रणगाडे आले, आणि तो सगळा पहिला मार २/५ मराठाच्या मोर्चावर आला. २१ तारखेला तोब्रुक पडलं, तेहतीस हजारांच्या आसपास सैनिक कैद झाले. तिथल्या बऱ्याच कैद्यांना पुढे इटलीत नेलं.

तुमच्या आजीचं "वाळूचा मुलूख" तोब्रुक असणार असं मला वाटतं. सर्व्हिस रेकॉर्डवरून खात्री करता येईल, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबर लिहून पत्र टाका, पेटीवर नंबर आहेच.

माजी_सुभेदार

अजून एक. २ मराठाला आजही "काळी पांचवी" म्हणतात. १९२२ च्या आधी ती १०५ नंबरची होती आणि त्याच्याही आधी मुंबई फौजेची ५ वी पलटन. गणवेशाच्या कॉलर-बाह्यांची पट्टी काळी, म्हणून काळी पांचवी. नंबर बदलत गेले, जवानांनी नाव सोडलं नाही. थोरल्या काकांचा पाच बहुतेक रेजिमेंटचा नसून हा पाच आहे.

बोरीकाठचा

सुभेदार साहेब, हे वाचून मी शाळेतून मधल्या सुट्टीत घरी आलो. हात कापतोय टाइप करताना.

आजी आम्हाला सांगायची, "तुना आबा कायी पाचवीमा व्हतात." नेहमी. कोणी आजोबांबद्दल विचारलं की हेच पहिलं वाक्य. आम्हाला सगळ्यांना वाटायचं ती पाचवीचं बोलते, बाळाची पाचवी पुजतात ती, म्हणजे आबांच्या पाचवीलाच दुःख पुजलेलं होतं असं काहीतरी. कैद, वनवास, तरुणपण गेलं, म्हणून ती असं म्हणत असेल. मी मराठीचा मास्तर, चाळीस वर्षं हेच धरून बसलो.

कायी म्हणजे काळी! अहिराणीत ळ चा य होतो, केळीला केयी, काळ्याला काया, हे मी स्वतः मुलांना फळ्यावर लिहून शिकवतो. आजी नवऱ्याच्या पलटणीचं नाव सांगत होती. बरोबर, पूर्ण, नाव.

खापरावरची_पोळी

वाचून डोळ्यात पाणी आलं हो दादा. चार वर्षं पत्र नाही, नवरा आहे की नाही माहीत नाही, तिच्याकडे धरून ठेवायला तेवढं एक नावच असेल. म्हणून पाठ होतं.

केळीबाग_रावेर

आमच्या लेवा बोलीत पण ळ चा य. माझी आई पण काळीला कायीच म्हणते. मी हा धागा तिला वाचून दाखवला, ती म्हणाली "मंग बरोबरच सांगत होती ना थे बाई, तुम्ही आईकलं नाही."

शब्दवेडी_धुळे

सर, फलकाचा मजकूर काय करताय मग? आणि ण / न चं राहिलंच. माझं मत, मराठी फलक आहे तर पलटण, ण. प्रमाण मराठीत पलटणच रूढ आहे. फौजेत हिंदी चालते म्हणून तिथे पलटन, आणि अहिराणीत तर ण सहसा येतच नाही, पानी, लोनी, तशी पलटन. तिन्ही आपापल्या जागी बरोबर.

बोरीकाठचा

काल बैठक झाली. ते माजी सैनिक काका आले, पहिल्या रांगेत बसले. ठरलं असं: पायदळातल्या सोळा जणांपुढे पलटणीचा नंबर आणि रेजिमेंट, तोफखान्याच्या दोघांपुढे आणि रणगाडेवाल्यापुढे त्यांची रेजिमेंट, पलटण शब्द त्यांना नाही. प्लाटून कुठेच नाही. पलटण मोठ्या ण चीच.

आजोबांची ओळ अशी आहे: "२/५ मराठा लाइट इन्फंट्री (काळी पांचवी पलटण)". धाकट्या काकांना २ मिळाला, थोरल्यांना ५.

आत्या मात्र अडून बसली होती की माय कायी म्हणे तर कायीच कोरा. तिला समजावलं की उद्या बेळगावहून कोणी फौजी आला तर त्याला काळी पांचवीच वाचता आलं पाहिजे. ती म्हणाली बरं. मग कोरणाऱ्याला बाजूला घेऊन विचारत होती की पेटीवर नाव टाकायचं किती घेशील. आता पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूने पांढऱ्या रंगात "कायी पाचवी" लिहून झालंय. बाहेरची अक्षरं आहेत तशीच ठेवलीत, सुभेदार साहेब.

उद्घाटन ४ फेब्रुवारीला ठेवलंय.

माजी_सुभेदार

४ फेब्रुवारी हा मराठा दिवस, सिंहगड घेतला तो दिवस. बेळगावला सेंटरमध्ये आणि सगळ्या पलटनींत साजरा होतो. ठरवून ठेवलंत की योगायोगाने?

बोरीकाठचा

काकांनी सुचवली तारीख. मी कारण विचारलं नव्हतं.

माजी_सुभेदार

मी येतो. अमळनेरपर्यंत रेल्वेने येईन, पुढे कोणाला तरी मोटारसायकल घेऊन पाठवा. आणि कोरायच्या आधी कागदावर काढलेली अक्षरं मला फोटोत दाखवा.